कोणता ढीग कार्बन धरतो आणि कोणता वीज साठवतो?

डोंगरवाट | रविवार, दुपारी ३:२०

मी मूळचा तुमसरचा. आमच्याकडे खाण म्हणत नाहीत, खदान म्हणतात. आजोबा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खदानीत होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की संध्याकाळी ते अंगणातल्या दगडावर हात घासत बसलेले दिसायचे, तरी नखांच्या कडेला काळी रेघ उरायचीच. विजेरीतला संपलेला सेल आम्ही पोरं ठेचून फोडायचो. आतला काळा मसाला बोटांना लागला की रंग अगदी तोच. "आपल्याच खदानीतला आहे तो," आजोबा सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं. मँगनीज डायऑक्साइड हा त्या सेलचा धन ध्रुव. डोंगरी बुजुर्गचं खनिज त्यासाठी नावाजलेलं, आणि विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढणारा मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीचा कारखानाही तिथेच आहे.

आता मी पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खनिज प्रयोगशाळेत आहे. खाणींचा गाळ तपासणं हे रोजचं काम. धातू काढून घेतल्यावर उरलेला बारीक दळलेला दगड पाण्याबरोबर तलावात सोडतात, त्याला टेलिंग्ज म्हणतात. अशाच एका नमुन्याच्या पिशवीत परवा करड्या गाळाची ढेप होती आणि तिच्या वरच्या अंगाला पांढरा पापुद्रा होता, खारवट जमिनीवर उन्हाळ्यात फुटतो तसा. नखाने खरवडला तर पिठासारखा निघाला. क्ष-किरणांखाली ठेवला तेव्हा ते हायड्रोमॅग्नेसाइट निघालं, म्हणजे मॅग्नेशियमचं कार्बोनेट. त्यातला कार्बन हवेतून आला होता. कुणी काही केलं नव्हतं. दगड दळून उघड्यावर टाकला, ऊन-पाणी लागलं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात बसला.

इथली माउंट कीथ ही निकेलची खाण या बाबतीत जगात सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. तिथे वर्षाला सुमारे १.१ कोटी टन गाळ पडायचा आणि तो वर्षाला जवळपास ४०,००० टन कार्बन डायऑक्साइड आपोआप धरून ठेवायचा, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलं गेलं. खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या ११ टक्के. यामागे दोन खनिजं आहेत, ब्रुसाइट आणि सर्पेंटाइन. एक टन शुद्ध ब्रुसाइट पूर्ण मुरलं तर सुमारे ७५५ किलो कार्बन डायऑक्साइड धरतं, सर्पेंटाइन सुमारे ४७५ किलो. फरक वेगाचा आहे. ब्रुसाइट महिन्यांत काम करतं, पण गाळात ते थोडंसंच असतं. सर्पेंटाइन ढीगभर असतं, पण ते आपला वेळ घेतं. शिवाय वर पापुद्रा धरला की खालच्या गाळाला हवा मिळत नाही. म्हणून आता गाळ खालीवर करत राहायचा, शेतात कुळव फिरवतो तसा, यावर काम चाललंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून निघालेली आर्का ही कंपनी त्यातच आहे.

असंच काही वाचून गावाकडच्या मित्राचा फोन आला, "म्हणजे आपल्या खदानीचे ढीगही कार्बन खातात का रे?" मी त्याला सरळ 'नाही' म्हणालो आणि मग दोन दिवस ते मनात घोळत राहिलं. मँगनीजचा ढीग कार्बन धरणार नाही, पण बॅटरीत जाऊ शकतो. दुसरा एखादा ढीग बॅटरीत काही कामाचा नाही, पण कार्बन धरेल. तिसरा यातलं काहीच करणार नाही. बातम्यांत मात्र सगळ्यांना एकच नाव असतं, 'खाणीचा कचरा'. महाराष्ट्र आणि गोव्यात तुमच्या आसपास जो ढीग आहे तो कशाचा आहे, हे इथे लिहाल का? ढिगाऱ्यातलं खनिज कोणतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच बोलता येत नाही.


विद्युतभार | रविवार, सायंकाळी ६:०५

डोंगरवाट, मी पुण्यात बॅटरी चाचणीच्या कामात आहे, म्हणून मँगनीजबद्दल माझ्या बाजूने लिहितो.

कोरड्या सेलचं मँगनीज आणि आजच्या लिथियम बॅटरीचं मँगनीज यांत शुद्धतेचं फार मोठं अंतर आहे. गाडीच्या बॅटरीसाठी मँगनीज सल्फेट लागतं आणि त्यात लोह, तांबं, जस्त हे दशलक्षात काही भाग असले तरी सेल लवकर म्हातारा होतो. त्यामुळे 'ढिगाऱ्यात मँगनीज आहे' यावरून 'बॅटरी होईल' असं म्हणता येत नाही.

पण असा प्रयत्न कुठे चाललाय ते सांगतो. चेक प्रजासत्ताकात, प्रागच्या पूर्वेला एल्ब नदीकाठी ख्वालेतित्से नावाचं गाव आहे. तिथे १९५१ ते १९७५ या काळात गंधकाम्लासाठी पायराइट काढत. मँगनीज नको होतं म्हणून ते गाळात गेलं. आज तिथे सुमारे २.७ कोटी टन गाळ पडून आहे आणि त्यात मँगनीजचं प्रमाण ७ टक्क्यांच्या थोडं वर. नवं खोदकाम न करता, दळण न करता, तोच गाळ उचलून अतिशुद्ध मँगनीज करायचा तो प्रकल्प आहे. खनिज आधीच बारीक दळलेलं आहे, ही त्यातली मोठी बचत. कारण खाणीत सर्वांत जास्त वीज दळण्यावर जाते.


डोंगरवाट | रविवार, रात्री ९:४०

विद्युतभार, हे उदाहरण नेमकं दिलंत. एक फरक मात्र आमच्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवावा असा आहे. ख्वालेतित्सेचं मँगनीज बहुतांश कार्बोनेट स्वरूपात आहे. त्यावर गंधकाम्ल ओतलं की ते विरघळतं. जाताना थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतं, तोही हिशेबात धरावा लागतो. तुमसर-बालाघाट पट्ट्यातलं मँगनीज ऑक्साइड आहे, पायरोल्युसाइट, ब्राउनाइट वगैरे, आणि उरलेल्या चुऱ्यात बरंचसं सिलिकेटमध्ये अडकलेलं. पायरोल्युसाइटवर तुम्ही नुसतं पातळ गंधकाम्ल टाका, काही होत नाही. आधी ते भट्टीत कोळशाबरोबर भाजून मँगनीज मोनॉक्साइड करावं लागतं. सिलिकेटमधलं सोडवणं तर आणखी जड. त्यामुळे त्यांची रीत उचलून इथे लावता येणार नाही. खदान आपली, रीतही आपल्यालाच बसवावी लागेल.


ओवी | सोमवार, सकाळी ७:५०

वाचतेय. मी माँट्रियलला राहते. क्विबेकमध्ये थेटफर्ड माइन्सला एकदा गेले होते. गावाच्या घरांमागे राखाडी डोंगर, झाड नाही, गवत नाही. ते सगळे अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे ढीग. प्रांतात मिळून असा ८० कोटी टनांच्या आसपास माल पडून आहे असं सांगतात. डोंगरवाट, तुम्ही म्हणता ते सर्पेंटाइन म्हणजे हेच ना? इथेही विद्यापीठातले लोक त्यावर कार्बनचे प्रयोग करतात. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या ढिगाला हात लागलेला नको असतो. धूळ उडेल म्हणून. २०१८ मध्ये कॅनडाने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, आणि ज्या गावाचं नावच 'अ‍ॅस्बेस्टॉस' होतं त्या गावाने २०२० मध्ये नाव बदललं.


डोंगरवाट | सोमवार, दुपारी १२:१५

ओवी, हो, तेच. अ‍ॅस्बेस्टॉसचा क्रिसोटाइल हा प्रकार म्हणजे सर्पेंटाइनचाच तंतुमय भाऊ. कार्बोनेट होताना तंतू मोडतो, म्हणजे काम पुरतं झालं तर धोकाही कमी होतो. पण ते पुरतं होईपर्यंत ढीग हलवायचा, चाळायचा, आणि तो काळ गावाने श्वासातून भरायचा. त्या म्हाताऱ्या माणसांची भीती शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या प्रयोगशाळेत असा नमुना आला की तो ओला ठेवूनच हाताळतात.


डिचोलीकार | सोमवार, रात्री १०:३०

गोंयचो नमस्कार. आमच्या घराच्या मागच्या बाजूला रिजेक्शनचा, म्हणजे खाणीने नाकारलेल्या मालाचा, डंप आहे. मी शाळेत होतो तेव्हा तो आमच्या माडांपेक्षा बुटका होता. आता त्याच्यावर अकेशिया आणि काजू लावलेत, पण जुलैत जोराचा पाऊस झाला की लाल पाणी खाली येतंच. बाबांची एक शेत-पट्टी त्या चिकणमातीखाली गेली. ती मातीसुद्धा मी हातात घेऊन बघितली आहे. साबणासारखी गुळगुळीत, वाळली की विटेसारखी घट्ट. तिच्यात भाताचं मूळ जात नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, परत चालू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींच्या लिजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. एवढ्या सगळ्यात डंप आपल्या जागी आहेत. आता 'डंप हाताळणी' हा शब्द पुन्हा ऐकू येतो. माझा साधा प्रश्न: आमचा डंप कार्बन घेतो का? घेत असेल तर तो आहे तिथेच राहू दे, असं मला म्हणायचं आहे.


डोंगरवाट | मंगळवार, सकाळी ६:२०

डिचोलीकार, तुमचा प्रश्न मनापासूनचा आहे, उत्तरही स्पष्ट देतो. नाही, घेत नाही. गोव्याचं खनिज हेमॅटाइट आणि त्याबरोबरची माती. ते लोह आधीच पूर्ण गंजलेलं आहे. कार्बन धरायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं आणि ते लाखो वर्षांच्या गोव्याच्या पावसाने कधीच धुवून नेलं. जांभ्याच्या मुलखातला कुठलाही लाल ढीग या कामाला रिकामा आहे. त्याच्यावर वाढलेली झाडं जेवढा कार्बन धरतील तेवढाच.

वीज साठवायच्या बाजूने मात्र लोह मोठ्या कामाचं आहे. अमेरिकेत फॉर्म एनर्जी ही कंपनी लोह आणि हवेची बॅटरी बनवते. लोखंड गंजताना वीज मिळते, उलटी वीज दिली की गंजाचं पुन्हा लोखंड होतं. ती शंभर तास पुरेल अशी आखलेली आहे, म्हणजे चार दिवस ढग राहिले तरी चालेल. लिथियमच्या मानाने येण्याजाण्यात बरीच वीज वाया जाते, पण माल स्वस्त आणि आग लागण्याची भीती नाही. त्यात लागतं ते धातुरूप लोखंड. डंपमधल्या गंजापासून ते करायचं तर आधी माती आणि गारेचे कण वेगळे करा, मग कोळसा किंवा हायड्रोजन वापरून ऑक्सिजन काढा. कोळसा वापरला तर कार्बनच्या हिशेबात आपण उलटे मागे जातो.


डिचोलीकार | मंगळवार, दुपारी २:४५

समजलं. वाईट वाटलं, पण खरं काय ते कळलं.

एक गोष्ट मात्र इथे नोंदवतो. डंप म्हणजे काय हे भाव ठरवतो, खनिज नाही. आमच्या वडिलांच्या वेळी निर्यातीला ५८ टक्क्यांच्या वरचं लोह लागायचं, त्याखालचं सगळं रिजेक्शन. मग चीनचं गिऱ्हाईक आलं आणि तेच रिजेक्शन २००५ नंतर ट्रकांत भरून जायला लागलं. सावर्डे-कुडचडे रस्त्यावर ट्रकांची रांग संपायची नाही, शाळेची पोरं नाकाला रुमाल बांधून जायची. उद्या कोणी बॅटरीच्या नावाने डंप उचलायला आला तर ट्रक तेच, रस्ता तोच, धूळ तीच. तेव्हा डंपच्या पायथ्याच्या वाड्यांना आधी विचारा. किती ट्रक, कुठल्या वेळी, ताडपत्री कोण घालणार, माझ्या बाबांच्या शेतातली माती कोण काढणार, हे कागदावर येऊ दे.


काळाकातळ | मंगळवार, रात्री ८:१०

मी नागपूरला भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही.

डोंगरवाट, तुम्ही पांढऱ्या पापुद्र्याचं लिहिलंत ते वाचून मला कणकवलीजवळचं जानवली आणि वागदे आठवलं. तिथे क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, आहे आणि त्याच्या सोबतीला सर्पेंटाइन झालेला खडक. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा हिरवट, हाताला मेणचट लागणारा दगड सगळ्यांनी पिशवीत भरला होता. पण ते साठे लहान आहेत. माउंट कीथशी तुलना करू नये. भारतात मोठा साठा बघायचा तर ओडिशातलं सुकिंदा. तिथे क्रोमाइटवरची माती निकेलने भरलेली आहे आणि सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमने पाणीही बिघडलेलं आहे. दोन्ही एकाच जागी.

महाराष्ट्राचा खरा दगड काळा कातळ, म्हणजे बसॉल्ट. जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात साधारण १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ५-६ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड असतं. सर्पेंटाइनच्या मानाने हे प्रमाण कमी, पण तो दळलेला मिळतो कुठे? प्रत्येक तालुक्यात. खडी क्रशरवर.

हे नुसतं कागदावरचं नाही. भारतात बसॉल्टची भुकटी लहान भातशेतकऱ्यांच्या शेतात टाकून कार्बन धरायचं काम माटी कार्बन ही संस्था छत्तीसगड-मध्य प्रदेशाच्या बाजूला करते. शेतकऱ्याकडून पैसे घेत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) दगडातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडला जातो, बायकार्बोनेट होऊन झिरपतो, नदीने समुद्रात जातो. पिकाला मिळणारं सिलिका, पोटॅश हा वरचा फायदा.


इंद्रायणीकाठ | मंगळवार, रात्री ११:००

काळाकातळ सर, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच लिहिते, उद्यावर टाकलं तर राहून जाईल.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला क्रशर आहे. पूर्वी खडी आणि डस्ट एवढंच होतं. नदीची वाळू बंद झाल्यापासून क्रश सँड सुरू झाली, आणि डस्टलाही भाव आला. आता फुकट काही राहिलेलं नाही. पण वाळू धुतात ना, ते धुतलेलं पाणी! बांधकामाच्या वाळूत फार बारीक पूड चालत नाही म्हणून धुऊन काढतात. तो करडा चिखल त्यांनी खड्ड्यात साठवलाय, आणि खड्डा भरला की आमच्या ओढ्यात येतो. गेल्या वर्षी ओढ्याच्या तळाला वीतभर थर बसला. विहिरीची मोटर दोनदा जळाली. तक्रार केली, लेखी केली. गडी पाठवून एकदा वरवर काढून नेला, बस.

बोटांत घेतला तर तो चिखल गव्हाच्या पिठाहून मऊ लागतो. सर, कार्बनसाठी जी भुकटी लागते ती हीच का? असेल तर ती ओढ्यात कशाला?


काळाकातळ | बुधवार, सकाळी ६:४०

ताई, हीच. किंबहुना याहून चांगली कुणी मुद्दाम दळून देणार नाही. ७५ मायक्रॉनच्या खालचा माल, दळायची वीज आधीच खर्च झालेली, आणि वाळूवाल्याला नकोसा. डस्टला गिऱ्हाईक आहे हे तुम्ही अचूक सांगितलंत. बाहेरचे लोक 'क्रशर डस्ट फुकट पडलेली असते' असं धरून चालतात. खरा टाकाऊ माल हा धुण्याचा चिखल आहे.

आता वाईट बातमी. तो तुमच्याच शेतात टाकून फारसा उपयोग होणार नाही. तुमची जमीन काळी असणार, सामू आठच्या आसपास, नांगरल्यावर पांढरे चुनखडीचे खडे दिसत असतील. अशा जमिनीत बसॉल्ट हळू विरघळतो, आणि निघालेलं कॅल्शियम बायकार्बोनेट म्हणून वाहून न जाता जागीच चुनखडी होऊन बसतं. तसं झालं की धरलेल्या कर्बवायूतला अर्धा परत हवेत. हा दगड मागते ती आंबट जमीन. कोकणातली जांभ्याची, आणि पूर्व विदर्भातली भंडारा, गोंदिया, गडचिरोलीची भातजमीन. दगड एकीकडे, त्याची भूक असलेली माती दुसरीकडे, असं आपलं आहे.

अति आंबट जमिनीचंही एक गणित आहे. युरियासारख्या खतांमुळे जमिनीत तयार झालेलं आम्लच जर दगड विरघळवत असेल तर तेवढ्या भागापुरता हवेतला कर्बवायू धरलाच जात नाही. जमीन सुधारते, कार्बनचा आकडा मात्र खाली येतो. हे मोजणारे लोक पाण्याचे, मातीचे नमुने वर्षानुवर्षं घेत बसतात ते यासाठी.


विद्युतभार | बुधवार, दुपारी १:३०

वाहतुकीचा हिशेब मांडतो, कारण सगळं तिथेच अडतं.

सरांनी दिलेले आकडे धरले तर एक टन बसॉल्ट पूर्ण विरघळल्यावर कागदावर साधारण २८० किलो कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात धरेल. पण त्याला अनेक वर्षं लागणार. समजा पहिल्या काही वर्षांत दहावा हिस्साच विरघळला, तर २८ किलो. आता १६ टनांचा हायवा ३०० किलोमीटर जाऊन रिकामा परत आला, लिटरला ४ किलोमीटर धरले, तर डिझेल १५० लिटर. एका लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टनामागे २५ किलो. हाती उरले तीन किलो. इंद्रायणीकाठचा चिखल गोंदियाला नेणं म्हणजे नुकसानच.

अंतर ८० किलोमीटर असेल तर तोच आकडा टनाला सातच्या आत येतो. मग बोलण्यासारखं आहे.


काळाकातळ | बुधवार, सायंकाळी ५:१५

विद्युतभार, तुम्ही ८० म्हणालात आणि मी नकाशा काढून बसलो. काळ्या कातळाची पूर्वेकडची कड नागपुरात येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी बसॉल्टची. तिथून पूर्वेला गेलं की खडक बदलतो आणि साठ-सत्तर किलोमीटरवर भंडाऱ्याची भातशेती लागते. म्हणजे नागपूरच्या पश्चिमेकडच्या क्रशरचा धुण्याचा चिखल भंडाऱ्याच्या बांध्यांना तुमच्या हिशेबात बसतो. कोकणात तर आणखी सोपं. वर जांभा असला तरी बऱ्याच ठिकाणी खाली काळा दगडच आहे, तिथल्या तिथे क्रशर आहेत.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी. बसॉल्टमध्ये निकेल-क्रोमियम थोडं असतं, सर्पेंटाइनमध्ये भरपूर. कणकवलीचा हिरवा दगड कुणी भातात टाकू नये. खाण्याच्या पिकात तो नकोच.


सरळमार्गी | बुधवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. माझी एक काळजी आहे. हे कार्बन क्रेडिट, म्हणजे धरलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र, निघालं की ते क्रशरवाल्याच्या खात्यात जाईल आणि 'आम्ही पर्यावरणाचं काम करतो' म्हणून नवी टेकडी फोडायची परवानगीही मिळेल. माउंट कीथचा गाळ ११ टक्के परत घेतो, म्हणजे ८९ टक्के हवेत राहतं. हा आकडा कुणी उलटा वाचू नये.


डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ६:००

सरळमार्गी, तुमच्याशी पूर्ण सहमत. ढिगाऱ्याचा हिशेब मांडायचा तो आधीच फोडलेल्या दगडापुरता. क्रेडिटसाठी नवा दगड फोडला की तो खाणधंदाच झाला. माउंट कीथही २०२४ मध्ये निकेलचे भाव पडल्यावर थांबवण्यात आली. गाळ तिथेच आहे, पण नवा थर पडत नाही. भावाच्या भरवशावर हे काम उभं करता येत नाही.


विद्युतभार | गुरुवार, दुपारी १२:४०

ज्यांच्या गावातला दगड बॅटरीलाही चालत नाही आणि शेतालाही नाही त्यांच्यासाठी एक. उष्णता साठवायला शुद्धता लागत नाही. फिनलंडमध्ये पोर्नाइनेन गावात २०२५ मध्ये एक टाकी सुरू झाली, १३ मीटर उंच आणि १५ मीटर रुंद. आत २,००० टन सोपस्टोन या मऊ दगडाचा चुरा, घरातल्या दगडी शेगड्या बनवणाऱ्या कारखान्याचा टाकाऊ माल. स्वस्त वीज असेल तेव्हा तो तापवतात आणि गावाची घरं त्यावर गरम राहतात. साठवण १०० मेगावॉट-तास. त्याआधी २०१९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये १,००० टन ज्वालामुखीचा दगड ७५० अंशांपर्यंत तापवून १३० मेगावॉट-तास साठवले होते. म्हणजे टनाला १३० युनिट. परत वीज करायला गेलात तर निम्म्याहून जास्त जाते. पण जिथे वाफच हवी, दूध तापवायला, इचलकरंजीच्या सायझिंगला (सुताला खळ लावायला), तिथे दुपारची सौर वीज दगडात भरून रात्री वाफ काढता येईल. मला व्यक्तिशः हा मार्ग आपल्याकडे सर्वांत लवकर जमेल असं वाटतं.


काळाकातळ | गुरुवार, दुपारी ३:००

जमेल, पण दगड निवडून घ्या. आपल्या बसॉल्टचे काही थर पोकळ्यांचे असतात आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट. झिओलाइटमध्ये पाणी असतं, तापवलं की ते बाहेर पडतं आणि दगड भुसभुशीत होतो. थराच्या मधला एकसंध, पोकळ्या नसलेला दगडच घ्यावा.


इंद्रायणीकाठ | गुरुवार, रात्री ८:३०

मी आज एक केलं. भाऊ शाळेत शिक्षक आहे. प्रयोगशाळेतलं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल त्याने स्वतः घालून बघितलं. क्रशरच्या खड्ड्यातला सुकलेला चिखल, बशीच्या आकाराचा तुकडा. थेंब पडल्याबरोबर बारीक फेस आला, फस्सकन आवाजही आला. म्हणजे त्यात कार्बोनेट आहे. म्हणजे हवेतला कार्बन त्याने धरला आहे, हो ना? मला फार आनंद झालाय. जो चिखल तीन वर्षं नको नको झाला होता त्यात हे निघालं.


काळाकातळ | गुरुवार, रात्री ९:१५

ताई, प्रयोग अगदी नीट केलात, आणि फेस खरा आहे. पण थोडं थांबा. मी आत्ताच ज्या पोकळ्या सांगितल्या, त्यांत झिओलाइटसोबत कॅल्साइटही, म्हणजे कॅल्शियमचं कार्बोनेट, असतं. दगड फोडल्यावर आतून चमकणारे पांढरे खडे निघतात ना, त्यातले बरेच तेच. ते दळलं जाऊन चिखलात आलं तर त्यालाही असाच फेस येतो. तो कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. यंदाचा नव्हे. फेसावरून दोन्ही सारखेच दिसतात.


डोंगरवाट | शुक्रवार, सकाळी ६:१०

सर बरोबर सांगतात, आणि यातून सुटायची वाटही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि कॅनडातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या ढिगांवर हाच प्रश्न आला होता. उत्तर मिळालं कार्बन-१४ वरून. हवेतल्या कार्बनमध्ये तो किरणोत्सारी प्रकार थोडासा असतो. जुन्या कॅल्साइटमधला कधीच संपून गेलेला असतो. कार्बोनेटमध्ये कार्बन-१४ सापडला तर ते नवं, नाही सापडला तर जुनं.

ती तपासणी महाग आहे. त्याआधी घरी जमण्यासारखं सांगतो, इंद्रायणीकाठ. तीन नमुने घे. एक, क्रशरवर आलेल्या ताज्या दगडाचा चुरा. दोन, खड्ड्यातल्या चिखलाचा अगदी वरचा बोटभर थर. तीन, त्याच जागी दोन फूट खालचा. तिन्ही सारख्या वजनाचे, सावलीत वाळवलेले, दादाला सारखंच आम्ल घालून वायू मोजायला सांग. उलट्या भरलेल्या मोजपात्रात गोळा करायची रीत शाळेत असते. तिन्हीत सारखा वायू आला तर ते सगळं जुनं कॅल्साइट. वरच्या थरात स्पष्ट जास्त आला तर पुढे बोलू, मग कार्बन-१४ साठी मी इथे विचारतो. नवं कार्बोनेट निघालं नाही तरी चिखल बाद होत नाही. कोकणच्या मातीत त्याचं काम वेगळ्या वाटेने होतं, ते सरांनी लिहिलंच आहे.

पिशवीवर जागा, खोली, तारीख लिही, आणि आदल्या पावसाला किती दिवस झाले तेही. खड्ड्याच्या कडेला एकटी उतरू नकोस, तो गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय आत जातो.


इंद्रायणीकाठ | शुक्रवार, रात्री १०:२०

थोडी हिरमुसले होते, आता नाही. रविवारी सकाळी भाऊ आणि मी दोघं जातो, दोर घेऊन. ओढ्यात बसलेल्या थराचाही चौथा नमुना घेते, तो गेल्या वर्षीचा आहे, म्हणजे त्याला हवा-पाणी जास्त मिळालंय. डिचोलीकार दादा म्हणाले तसं ग्रामसभेत विषय मांडायला अर्ज लिहिलाय. त्यात चिखल कुठे जावा याआधी तो आमच्या ओढ्यातून निघावा, हे पहिलं लिहिलंय.